सोबत पालक असणे आवश्यक

कोणत्याही देशाची संस्कृती त्याच्या ग्रंथालयांवरून, पुलांवरून किंवा न्यायालयांवरून ओळखावी असं शहाणी माणसं सांगतात. शहाण्या माणसांना रांगेत उभं राहावं लागत नसावं. देशाची खरी ओळख रांगेत पटते. सिंगापूर या बाबतीत बरंच पुढे गेलेलं आहे, कारण तिथं रांगेत स्वतः उभं राहणं ही संस्कृतीची केवळ पहिली पायरी मानतात. दुसरी पायरी टिश्यूची.

दुपारी जेवायला गेलं की आधी रिकाम्या टेबलावर खिशातलं टिश्यूचं पाकीट ठेवायचं आणि मग निवांत चिकन-भात आणायला जायचं. याला चोप करणं म्हणतात. त्या टेबलाकडे मग कुणी वाकड्या नजरेनं बघत नाही. गरम लक्साचा, म्हणजे शेवयांच्या तिखट रश्श्याचा, वाडगा हातात घेऊन बोटं भाजत उभा असलेला बडा वकीलसुद्धा त्या पाकिटाचा मान राखतो. याचा उल्लेख कोणत्याही कायद्यात नाही (श्वास कसा घ्यावा याचाही नाही).

फुआ तेक सून हा या संस्कृतीचा सच्चा पाईक होता. तो वाहनतळ धोरण विभागात उपव्यवस्थापक होता. म्हणजे जागा कुणाची, किती वेळ आणि का, याचा विचार करण्याचा त्याला पगार मिळे. रविवारी तो हाच विचार फुकट करी. दोन रांगा दिसत असताना एकाच रांगेत उभं राहणं म्हणजे दुसऱ्या रांगेचं नुकसान, असं त्याचं मत होतं, आणि एका पाहणीत या मताला पूर्ण पाठिंबा मिळाला होता (पाहणी त्यानंच केली होती, आणि मत देणाराही तोच होता). त्याची बायको गेक चू बँकेच्या काउंटरवर काम करी. रांग तिनं आयुष्यभर समोरून बघितलेली असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी ती मागून बघण्याची तिला हौस नव्हती. म्हणून त्या रविवारी ‘शापित साम्राज्य’ या मनोरंजन उद्यानात तेक सून आणि त्याची नऊ वर्षांची लेक यू निंग असे दोघंच आले.

शापित साम्राज्य हे हजारो वर्षं जंगलात हरवलेलं प्राचीन नगर असून ते बांधून फार वर्षं झालेली नाहीत. तिथली शिस्त वाखाणण्यासारखी आहे. पडक्या मंदिरातली खरी धूळ रोज सकाळी यंत्रानं ओढून घेतात आणि तिच्या जागी मान्यताप्राप्त धूळ टाकतात. भिंतींना पडलेल्या भेगांची वर्षातून एकदा तपासणी होते. मध्यंतरी एक भेग आपली आपणच पडली, तेव्हा ती तातडीनं बुजवून शेजारी आराखड्याबरहुकूम दुसरी पाडण्यात आली. मंदिराच्या दारावरचा भयंकर शाप इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ अशा चारही भाषांत कोरलेला आहे, कारण एखाद्या समाजाला आपल्याला शाप मिळालाय हे कळलंच नसतं, तर तो त्याच्यावर अन्याय झाला असता.

या मंदिरातून जो पाळणा सुटतो त्याचं नाव ‘नागराजाचा कोप’. तो आधी आकाशाकडे चढतो, वर क्षणभर विचार करतो आणि मग एकदम खाली येतो. त्याच्या नियमांचा फलक मंदिरापेक्षा उंच आहे. हृदयविकार, मानेचं दुखणं, गर्भारपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन आणि डुरियन हे उग्र वासाचं फळ, यांपैकी काहीही सोबत असल्यास प्रवेश नाही. सुट्या चपला, सुट्या टोप्या आणि सुटे दात काढून ठेवावेत. किंचाळण्यास हरकत नाही, मात्र ते उतार सुरू झाल्यावर करावं. फलकाशेजारी एक दगडी माकड एक हात आडवा धरून उभं आहे. त्या हाताखालून जो सरळ चालत जाऊ शकतो, त्याला पाळण्यात बसता येत नाही.

गेल्या वर्षी तो हात यू निंगच्या डोक्यावरून केसभर अंतरानं गेला होता आणि ती घरी पोचेपर्यंत रडली होती. वर्षभर तिनं न कुरकुरता दूध प्यायलं, भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा केल्या. या वर्षी माकडाचा हात तिच्या कपाळावर आपटला. इतक्या आनंदानं कपाळ चोळणारं माणूस त्या उद्यानानं क्वचितच पाहिलं असेल. आता एकच अट उरली होती. एवढ्या उंचीच्या मुलांसोबत पालक असणे आवश्यक.

ही अट नसती तरी यू निंगनं ती घातलीच असती. वाढदिवसाला तिनं सायकल नको म्हटलं होतं, केक नको म्हटलं होतं. बाबानं शेजारी बसायचं, एवढंच मागितलं होतं.

“पहिला उतार आला ना, की माझा हात धरायचा,” रांगेत उभं राहता राहता ती म्हणाली. “घट्ट.”

“धरतो की.”

“आधीच धरायचा. खाली जायला लागल्यावर नाही.”

“अगं हो, आधीच धरतो.”

“आणि फोन खिशात.”

“तू अगदी आईवर गेलीयस,” तेक सून म्हणाला आणि फोन खिशात ठेवला. ठेवताना त्याच्या हाताला टिश्यूचं पाकीट लागलं.

इथं उद्यानाच्या व्यवस्थापनाबद्दल दोन शब्द चांगले बोलणं भाग आहे. रांगेत जमिनीवर टिश्यूची पाकिटं दिसू लागली तेव्हा त्यांनी आधी दुर्लक्ष केलं, मग समिती नेमली आणि शेवटी नियम केले. कोणत्याही समंजस राज्यकारभाराचा हाच क्रम असतो. रांगेतलं पाकीट म्हणजे ते ठेवणारी व्यक्तीच समजण्यात यावी. पाकीट बंद असावं. फोडलेलं पाकीट म्हणजे माणूस रांग सोडून गेला असं धरावं. रांग पुढे गेली की मागच्यानं पाकीट पायाच्या कडेनं हलकेच सरकवावं (सरकवणं आणि लाथ मारणं यांतला फरक दाखवणारं चित्र जागोजागी लावलेलं आहे). छत्री आणि पाण्याची बाटलीही चालेल. मोबाइल ठेवला तर तो चोरीला जाणार नाही याची हमी होती, पण मालकच त्याच्याशिवाय फार वेळ तग धरत नाहीत असं आढळून आलं.

परिणाम इतके चांगले आले की व्यवस्थापनालाही अपेक्षा नव्हती. पाकिटं ढकलाढकली करत नाहीत, त्यांना मध्येच लघवीला लागत नाही, आणि अजून किती वेळ असं ती विचारत नाहीत. समाधानी पाहुण्यांचं प्रमाण पाकिटांमध्ये शंभर टक्के निघालं. माणसांमधलं प्रमाण जाहीर केलेलं नाही.

तर तेक सूननं वाकून आपलं पाकीट यू निंगच्या शेजारी ठेवलं.

“बाबा, कुठे चाललास?”

“पॉपकॉर्नची बादली घेऊन येतो. माकडाच्या डोक्याची. थोड्याच काढल्यात त्यांनी. ऑफिसातल्या ओंगकडे आहे, टेबलावर ठेवतो मेला.”

“मला नकोय बादली.”

“आत्ता नको वाटते. संपल्यावर हवी वाटेल, तेव्हा काय करशील?”

यू निंगनं पाकिटाकडे बघितलं. “आणि मी एकटी?”

“एकटी कुठे? मी आहे ना इथे.” तेक सूननं पाकिटाकडे बोट दाखवलं, आणि त्याला आपण काही चमत्कारिक बोललो असं मुळीच वाटलं नाही.

बादलीची रांग अपेक्षेपेक्षा लवकर संपली. माकडाचं डोकं बगलेत मारून तो झपाट्यानं परत निघाला होता, आणि तो तसाच पोचला असता तर ही कथा लिहावी लागली नसती. पण वाटेत त्याला तिसरी रांग दिसली.

ती अत्यंत देखणी रांग होती. लांब, सरळ, आणि तिच्यात एकही माणूस नव्हता. एका खिडकीपासून थेट कारंज्यापर्यंत नुसती पाकिटं. तेक सूनचे पाय आपोआप थांबले. जिथे इतके लोक नाहीत, तिथे नक्कीच काहीतरी असणार, हा विचार त्याला टाळता आला नाही. तो शेवटच्या पाकिटामागे उभा राहिला. खिडकी बंद होती. पण बंद खिडकीपुढची रांग म्हणजे नुसती रांग नव्हे, ती दूरदृष्टी होय.

इतक्यात छत्री घेतलेली एक आंटी आली, मधलं एक पाकीट तिनं बोटानं सरळ केलं आणि ती निघाली.

“आंटी, रांग कशाची आहे?”

“मला काय ठाऊक? माझ्या पुढे पाकीट होतं, म्हणून मी ठेवलं.”

“खिडकी बंद दिसतेय.”

“मग?” आंटीनं त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. “उघडली तर?”

या प्रश्नाला उत्तर असलेला माणूस त्या बेटावर अजून जन्मायचा आहे. तेक सून पाय रोवून उभा राहिला. तेवढ्यात खिशात फोन वाजला. यू निंग आपल्या मनगटावरच्या घड्याळातून बोलत होती.

“बाबा, माझ्यापुढे आता थोडीच पाकिटं राहिलीत.”

“पाकिटं हळू सरकतात गं. आलोच मी.”

“ती भराभर सरकतायत. मागचा दादा सरकवतोय.”

“दोन मिनिटं,” तेक सून म्हणाला, आणि तसं म्हणताना त्याला अगदी मनापासून दोन मिनिटंच वाटत होती. रांग सोडावी तर सगळ्या पाकिटांत आपण एकटेच जातीनं हजर, हा मान जात होता. खिशातलं दुसरं पाकीट ठेवून निघावं हे सुचेपर्यंत बराच वेळ गेला.

दरम्यान मंदिरात जे झालं ते त्याला नंतर तिथल्या कर्मचारी रोस्लिना यांनी सांगितलं. कुणाचीही चूक नसल्यामुळे त्यांनी ते मोकळेपणानं सांगितलं.

दाराशी रोस्लिनांनी यू निंगला विचारलं, सोबत कोण आहे? ती म्हणाली, बाबा. कुठे आहेत? तिनं खाली बोट दाखवलं. रोस्लिनांनी पर्यवेक्षक इळंगो यांना बोलावलं. इळंगो यांनी फलक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. हे पाकीट जर बाबा नसेल, तर एक लहान मुलगी तासभर रांगेत एकटी उभी होती, आणि ते उद्यानाला, पालकाला आणि इळंगो यांना महागात पडलं असतं. पाकीट जर बाबा असेल, तर कुणीच कोणताही नियम मोडलेला नव्हता. अशा वेळी ज्यात कागदपत्रं कमी लागतात ते खरं मानण्याची पद्धत आहे. पाकिटाची उंची मोजली. ती कमी भरली, पण उंचीची अट मुलांना असते, पालकांना नसते. शेजारची जागा दुसऱ्या कुणा मोठ्या माणसाला देण्याचा प्रश्नच नव्हता, ती अडवलेली होती. पाकिटाच्या सीटवरचा दांडा खाली ओढून खटका तपासण्यात आला. फक्त सुट्या वस्तूंना मनाई असल्यानं, पाकीट सुटं राहू नये म्हणून यू निंगनं ते हातात धरावं असं ठरलं.

“घट्ट धर हं, असं मी सांगितलं,” रोस्लिना म्हणाल्या. “ती म्हणाली, आधीच धरलंय.”

हे सगळं ऐकत तेक सून पाळण्यातून बाहेर पडायच्या दाराशी उभा होता. समोरच्या पडद्यावर पहिल्या उतारावरचे फोटो झळकत होते.

“अंकल, तुमचा फोटो छान आलाय,” रोस्लिना म्हणाल्या.

“यात मी कुठाय?”

“हे काय.” त्यांनी दाखवलं. यू निंगचे डोळे मिटलेले होते, तोंड उघडं होतं, शेजारच्या सीटवर नुसता दांडा होता. आणि तिच्या आवळलेल्या मुठीतून पाकिटाचा कोपरा बाहेर आला होता.

तेवढ्यात यू निंग बाहेर आली. तिचे केस उभे होते.

“कसं होतं?”

“भारी.”

“घाबरलीस?”

“पहिल्या उताराला. रडूही आलं थोडं.” तिनं हातातलं पाकीट त्याला दिलं. ते फोडलेलं होतं, आणि त्यातला एक टिश्यू कमी होता. “पण तू होतास ना. पुसलं.”

तेक सूननं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. ती टोमणा मारत असती तर बरं झालं असतं. टोमण्याला उत्तर देता येतं. ती नुसती खरं सांगत होती. मोठ्या माणसांनी तिला समजावून दिलं होतं की तो बाबाच आहे, आणि ती शहाण्यासारखी मानून मोकळी झाली होती.

“चल, परत जाऊ,” तो म्हणाला. “आता मी बसतो तुझ्या शेजारी. ही बादली देऊ टाकून. लागू दे किती वेळ लागतो तो.”

“नको बाबा,” यू निंग म्हणाली आणि त्याची समजूत काढावी तसा त्याचा दंड थोपटला. “तू बसलास की एकदा.”

तो फोटो आता त्यांच्या फ्रिजवर आहे. आल्यागेल्याला तेक सून मुठीतला कोपरा दाखवतो आणि हसतो. गेक चू हसत नाही.

वाचकांना हे सगळं हास्यास्पद वाटणं साहजिक आहे. आपल्याकडे टिश्यू ठेवत नाहीत, आपण रुमाल टाकतो. मागच्या स्नेहसंमेलनाला तुम्ही लवकर जाऊन पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रुमाल टाकून धरलीत, आणि मग तो महत्त्वाचा फोन घ्यायला बाहेर गेलात. खुर्चीला कुणी हात लावला नाही. आपल्याकडेही माणसं चांगलीच असतात. तुमच्या लेकीनं अख्खा नाच त्या रुमालाकडे बघत केला, आणि शेवटी वाकून नमस्कारही त्यालाच केला.