मास्तरांनी गाळलेली पाटी

सालोमन मास्तर रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या म्हणत चालायचे. जटपुरा गेटापासून चर्चपर्यंत, वर न बघता, छत्री काखेत धरून: ‘अन्सारी छत्री दुरुस्ती, बालाजी किराणा, न्यू जनता हेअर कटिंग, उधारीचे नाव काढू नये.’ हे शेवटचं पाटीवर नव्हतं, न्हाव्याने दारावर खडूने लिहिलं होतं. पण मास्तर तेही सोडत नसत.

सोडायचे फक्त मला. ‘रामटेके फर्निचर, अस्सल सागवान.’ वीतभर उंचीची अक्षरं. बालाजी किराण्यानंतर मास्तर एक श्वास घ्यायचे, आणि थेट हेअर कटिंग.

मी हातगाडीवर लाकडाच्या बल्ल्या ओढून दुकान उभं केलेला माणूस आहे. माझं नाव गाळणारे लोक मी लहानपणापासून बघितले, विहिरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत. त्यांचं मला नवल नाही. पण मिशनच्या शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरानेही गाळावं, हे डोक्यात जायचं.

मास्तरांना नाद एकच. तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडात एक पाद्री होऊन गेला, त्याने तिथल्या चर्चचा इतिहास लिहिला. त्या पाद्र्याचं चरित्र मास्तर मराठीत लिहीत होते. बोलायचे मात्र असे, की पाद्री आमच्या गावातल्याच पठाणपुऱ्यात भाड्याने राहतो.

“पाद्रीबुवाची यादगिरी पाहा, भाऊ,” ते मला सांगत. “लंडनच्या बाजारातून एकदा गेला का साऱ्या पाट्या उलट्या-सुलट्या म्हणून दाखवे. तिकडं राजाची लढाई सुरू, अन् हा फौजेसंगं फिरे. जाईल त्या गावात म्हाताऱ्याईपाशी बसे. मेलेल्याईची नावं विचारे.”

“कायले?”

“माणूस जाते, भाऊ. नाव त जाऊ नये.”

मास्तर स्वतःही तसेच. वांगी घेताना भाजीवालीला तिच्या आजेसासऱ्याचं नाव विचारायचे. ती म्हणायची, “आधी वांगे घ्या जी मास्तर, सासरा मंग देतो.”

गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. तेव्हा आलापल्लीत एका जुन्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. मी कपाटं घेतली. एका कपाटात जाड इंग्रजी पुस्तक होतं. मास्तरांनी पाद्र्याचं नाव इतक्यांदा ऐकवलं होतं की अक्षरं जुळवताच मी ते ओळखलं. मास्तरांपाशी इतिहासाचा पहिला भाग होता. दुसरा मिळेना, म्हणून चरित्र कित्येक वर्षं अडून होतं. हा दुसरा होता.

मी मास्तरांना बोलावलं. पुस्तक मांडीवर ठेवलं आणि त्यावर हात ठेवला.

“पैसे नाई पाहिजे, मास्तर. उद्यापासून माही पाटी म्हणा. पुस्तक तुमचं.”

मास्तरांनी पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं. बराच वेळ. मग हात मागे घेतला.

“नाई जमत, भाऊ.”

माझं टाळकं सरकलं. “काऊन नाई जमत? न्हाव्याचा खडू म्हणता. माह्या नावानं तोंड बाटते का तुमचं?”

आतले रंधे थांबले. मास्तर एका अर्धवट स्टुलावर बसले.

“बाटीन कायले, भाऊ? इथी आलो का मले आधीची पाटी दिसते. मार्था शिवण वर्ग. माही बायको चालवे, जिती होती तवर. ते म्हणाव, त लोक म्हणतीन मास्तर सरकला. तुमची म्हणाव, त तिची पुसल्या जाते. म्हणून श्वास घेतो अन् पुढं जातो.”

ते उठले. पुस्तकाकडे न बघता गेले.

ही खोली मी घरमालकाशी आठ दिवस घासाघीस करून घेतली होती, दारावरच्या पाटीसकट. पाटी पक्क्या सागवानाची. चांगलं लाकूड मी फेकत नाही. उलटी करून माझं नाव रंगवून घेतलं होतं. आधीचा वर्ग कोणाचा होता, तो का बंद पडला, हे विचारलं नव्हतं.

सकाळी शिडी लावून पाटी उतरवली. मागे निळी अक्षरं जशीच्या तशी. खाली बारीक अक्षरांत, ‘फक्त स्त्रियांसाठी’.

कारागीर म्हणाला, “घासून टाकू काय, शेठ?”

“हात नको लावू.”

लोहाराकडून पट्टी आणली आणि पाटी भिंतीला काटकोनात, रस्त्यावर बाहेर येईल अशी टांगली. गेटाकडून येणाऱ्याला मार्था शिवण वर्ग. चर्चकडून येणाऱ्याला रामटेके फर्निचर.

रविवारी मास्तर आले. बालाजी किराणा म्हणून श्वास घेतला, आणि पाटीची सावली पायाशी दिसली म्हणून वर बघितलं. छत्री काखेतून खाली पडली. ती त्यांनी उचलली नाही. आधी पाटी म्हटली, हळू आवाजात, ‘फक्त स्त्रियांसाठी’ सकट.

परतताना पाद्रीबुवासारखं उलटं म्हणत आले. न्यू जनता हेअर कटिंग, रामटेके फर्निचर, अस्सल सागवान. मी पुढे होऊन पेपरात गुंडाळलेलं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वजन करावं तसं ते दोन्ही हातांवर तोललं, आणि बालाजी किराणा म्हणत निघून गेले.

आता अधूनमधून एखादी बाई कापड घेऊन दुकानात येते आणि पलंग-कपाटं बघून गोंधळते. मी सांगतो, “वर्ग बंद आहे, बाई. पाटी चालू आहे.”