अकरा गायींनी नामशेष व्हावे

लायकिपियाच्या पठारावर नासिएकू नावाच्या विधवेच्या अकरा गायी आणि शेदीडशे झेब्रे एकाच खोऱ्यात चरत असत. ही बाब संशोधन केंद्राच्या लक्षात आली आणि तिथून सगळे बिघडत गेले.

केंद्राचे गणितज्ञ डॉ. किपसांग यांनी समीकरण मांडले. एकाच चाऱ्यावर जगणाऱ्या दोन जाती एकत्र नांदू शकत नाहीत. एक टिकते, दुसरी नामशेष होते. कोणती, याबाबत समीकरण मौन पाळून होते. सबब समिती नेमण्यात आली. झेब्रे पाहायला पाहुणे येतात, गायी पाहायला कुत्रेही येत नाही, हे ध्यानी घेऊन समितीने नासिएकूला नोटीस बजावली: आपल्या गायींनी पुढील पावसाळ्यापूर्वी खोऱ्यातून नामशेष व्हावे. मुदतवाढ मिळणार नाही.

नासिएकू तडक केंद्रावर डॉ. किपसांगांकडे गेली.

"अरे बाबा, झेब्रा वरची राठ काडी खातो, माझी गाय खालचं कोवळं खाते. भांडण आहेच कुठं?"

"आजी, समीकरणात वरचं-खालचं नसतं. गवत म्हणजे गवत."

"कधी गवतात गेलायस का?"

"गवतात गेलं की मन एका बाजूला कलतं," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "गणिताला ते चालत नाही."

म्हातारीने गायी डोंगरापलीकडे बहिणीच्या कुंपणात नेल्या. तिथे चारा बेताचाच. महिन्याभरात बरगड्या मोजता येऊ लागल्या. इकडे तिची वस्ती उठताच खोऱ्यात सिंहांना रान मोकळे झाले. आजवर रात्री तिच्या काटेरी कुंपणाच्या आधाराने राहणारे झेब्रेही मग गायींच्या मागोमाग डोंगर ओलांडून गेले. खोरे ओस पडले. दोन जाती एकत्र नांदत नाहीत हे सिद्ध झाले, असा अहवाल समितीने समाधानाने दिला.

रिकामे खोरे बरे दिसेना, म्हणून केंद्राने उदार होऊन चराईचे अर्ज वाटले. त्यात रकाना एकच: 'आपणास चारा मिळावा म्हणून कोणी नामशेष व्हावे?' लोकांनी भराभर शेजाऱ्यांची नावे लिहिली. एकाने सख्ख्या भावाचे लिहिले, वर त्याच्या घरी कसे जायचे तेही कळवले.

नासिएकूला लिहिता येत नव्हते. डॉक्टर पेन उघडून बसले.

"कुणाचं लिहू, आजी?"

"कुणाचंच नको."

"कोरा अर्ज चालत नाही. गायी मरतील तुमच्या."

"माहीत आहे रे." नाव मात्र तिच्या तोंडातून आले नाही.

अर्ज अपूर्ण म्हणून फेटाळण्यात आला. चारापाण्यावाचून नव्हे, नियमानुसार गायी गेल्या.

काही कोरे अर्ज अजून शिल्लक आहेत. तुम्हाला नको? राहू द्या. मात्र तो रकाना वाचताच तुमच्या मनात जे नाव आले, तेवढे विसरू नका. समिती विचारायला येईल.