पिसोरीचं नऊ पूर्णांक दोन

एका जंगलात, बाळांनो, विद्यापीठ होतं. दचकू नका, तिथे कुणी कुणाला खात नसे. वाघोबांनी तशी लेखी हमी दिली होती. तिच्यावर सही तेवढी व्हायची होती.

सशाएवढं हरीण असतं ना, पिसोरी? तशी एक पिसोरी तिथे भौतिकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला होती. पहिला प्रयोग सोपा होता. वेलीला दगड टांगायचा, वेलीची लांबी घ्यायची, झोके मोजायचे आणि पृथ्वी किती जोरानं ओढते ते काढायचं. उत्तर नऊ पूर्णांक आठ यायला हवं. पिसोरीचं दर वेळी नऊ पूर्णांक दोन येई.

साळिंदर सर जर्नलवर सही करेनात. सही नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर परत घरी, करवंदीच्या जाळीत.

"सर, माझं कुठं चुकतंय?"

"उत्तर चुकतंय."

"पण का?"

"मला अजून चाळीस जर्नलं तपासायचीत, पिसोरी."

त्याच महिन्यात नापासांचा आकडा वाघोबांच्या कानावर गेला. लगेच विद्यार्थी आधार कक्ष निघाला. प्रमुख टिटवी मॅडम. त्यांनी पिसोरीपुढे फॉर्म ठेवला.

"तुला इथे एकटं वाटतं का?"

"नाही मॅडम. माझं उत्तर कमी येतंय."

"स्वतःला कमी लेखतेस," मॅडमनी लिहून घेतलं. "घरी कुणी शिकलेलं?"

"नाही."

"तरीच."

पिसोरीला एक बिल्ला मिळाला, दीर्घ श्वसनाचा तक्ता मिळाला आणि दुसऱ्या वर्षातले वानरदादा मिळाले.

"काय पिसू, कुठं अडलं?" दादांनी आपलं गेल्या वर्षीचं जर्नल तिच्या पुढ्यात टाकलं. "उत्तर आधी लिहायचं. मग खालून वर यायचं. झोके आपोआप बसतात."

"आणि प्रयोग?"

"टांगलेला असू दे. सर लांबून बघतात."

पिसोरीनं जर्नल पिशवीत टाकलं आणि वेलीकडे गेली. पुन्हा मोजलं, पुन्हा. आणि एकदम थबकली. ती वेल गाठीपर्यंतच मोजत होती. दगडाच्या मध्यापर्यंत मोजायला हवी होती. नऊ पूर्णांक सात आलं. ती धावतच सुटली.

"सर, चूक सापडली."

सरांनी आकडा पाहिला. "बाकी सगळ्यांचं नऊ पूर्णांक आठ आलंय. कासवाचा दगड ओढ्यात पडला होता, त्याचंही."

"पण हे खरं आहे, सर."

सर हळूच म्हणाले, "माझंही सातच यायचं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"सर झालो."

तेवढ्यात टिटवी मॅडम आल्या. "एकच जर्नल राहिलंय, सर. शंभर टक्के होतायत. शेवटचा दिवस आहे."

पिसोरीनं सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. तिनं पिशवीतून दादांचं जर्नल काढलं, कोपऱ्यात बसली आणि खालून वर लिहीत गेली.

सरांनी न वाचता सही केली. कक्षाच्या अहवालात पिसोरीचा फोटो पहिल्या पानावर छापला.

तात्पर्य: बाळांनो, आपली चूक आपणच शोधून काढावी. फक्त आधी सही घेऊन ठेवावी.