धुऱ्यावरचा दोर

यंदा धानावरच्या अळ्यांचा बंदोबस्त मी एका सकाळीच करणार होते! त्यासाठी लागणार होता एक दोर आणि एक नवरा. दोन्ही घरचेच!

गेल्या वर्षी अळ्यांनी आमची बांधी, म्हणजे धानाचं खाचर, अशी फस्त केली, की सौंदडच्या बाजारातून तांदूळ आणावा लागला. धानवाल्यांनी तांदूळ विकत आणायचा! मी पिशवी पदराखाली लपवून आणली होती. त्यामुळे यंदा अळ्यांनी केलेल्या पानांच्या सुरळ्या दिसताच मी कृषी खात्याच्या बाईंना गाठलं. त्यांनी उपाय सांगितला. बांधीतल्या पाण्यात थोडं रॉकेल टाका, दोघांनी दोन टोकं धरून दोर धानावरून ओढा. सुरळ्या पाण्यात पडतात, अळ्या मरतात.

एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आमचे ओमेशराव. ओढत ओढत आम्ही शेजारच्या भोजराज भाऊजींच्या धुऱ्याशी, म्हणजे शेताच्या बांधाशी, पोचलो. दोर धुऱ्यावर ताठ! तेवढ्यात भाऊजी धावत आले.

"काऊन रे ओमेश, माहा धुरा मोजून रायला?"

"नाई जी दादा, अळ्या पाडून रायलो."

"दोरानं? मले येडा समजतं का?"

"तुमचा धुरा आमाले कायले पाहिजे?" मी ओरडले.

"चाल, पंचायतीतच सांग!"

त्यांनी ओमेशच्या हातचं टोक हिसकावलं. आमचा नवरा इतका सज्जन, की त्यानं सोडूनही दिलं! भाऊजी आपल्या बांधीच्या कडेनं गावाकडे निघाले. पण दुसरं टोक माझ्या हातात होतं. गाईचा नवा दोर, सोडते होय! त्या कडेनं ते पळतात, या कडेनं मी. तोंडं दोघांचीही चालू, आणि मध्ये दोर त्यांच्या धानावरून सपासप!

बांधी संपली तेव्हा दोघांनाही धाप लागली होती. भाऊजींचा डबा घेऊन आलेल्या सावित्रीबाई पाण्याकडे पाहून किंचाळल्या, "अवो, हे पाहा!"

सुरळ्याच सुरळ्या तरंगत होत्या, आत अळ्या वळवळत होत्या. भाऊजींचा चेहरा उतरला. त्यांच्या बांधीत अळी आहे, हेच त्यांना ठाऊक नव्हतं! त्यांनी दोर माझ्या हातात दिला, आणि सगळ्यांनी मिळून सुरळ्या गाळून काढल्या.

आठवड्यात दोन्ही बांध्यांत नवी हिरवी पानं फुटली. मला इतका आनंद झाला, की रोज धुऱ्यावर जाऊन बघत होते. आणि एका सकाळी भाऊजी दारात हजर.

"नूतनबाई, दोर घ्या. माही खालची बांधी रायली."

"ओमेशले नेता का? मी स्वयंपाकात हाये."

"ओमेश नोको! तो भांडत नाई, दोर ढिला पडते. तुमीच चाला!"