काश्यप गोत्राच्या फ्राऊ हूबर

फणसळकरकाका बिअर पीत नसत, बिअरचं आचमन करत. डाव्या हातात चांदीची पळी, उजव्या हाताचा तळवा खोलगट केलेला आणि त्यात बिअरचे चार थेंब. ते ओठांनी टिपायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. निकाल बहुतेक वेळा एकच असे, "प्रकरण गोड आहे. नापास!" उरलेली बाटली समोर बसलेल्याने संपवायची. समोर कोणी नसेल तर ती मोरीत जायची.

हे सगळं बहारीनमध्ये चाले, माहूजमधल्या आमच्या इमारतीत. काका तिथे एकटे राहत आणि मी त्यांच्या समोरच्या खोलीत. जहाजदुरुस्तीच्या एका यार्डात ते रंगतपासनीस होते. जहाजाला दिलेला रंग नमुन्याशी जुळला तर सही करायची, नाही तर नाही, हे त्यांचं काम. सही न करण्यातच त्यांची हयात गेली होती. 'नापास' हा शब्द ते यार्डातून घरी घेऊन येत. मेसची आमटी नापास, नवा मॅनेजर नापास, माझ्या शर्टाची इस्त्री नापास. बहारीनचा हिवाळा तेवढा काठावर पास.

आता ही बिअर कुठली? साधीसुधी नाही. तरुणपणी काका रंगांचं शिक्षण घ्यायला दोन वर्षं म्युनिकला होते. तिथे शरद ऋतूत मोठा उत्सव असतो आणि त्याची एक खास बिअर असते. ती मार्चमध्ये गाळायची, उन्हाळाभर गार तळघरात मुरवायची आणि शरदात उघडायची. काकांच्या घरमालकीणबाई फ्राऊ हूबर ती दरवर्षी आणत. बाई विधवा, एकुलता मुलगा महायुद्धावरून परत आलेला नाही. हा शाकाहारी ब्राह्मण पोरगा उपाशी मरेल या धास्तीने त्यांनी दोन वर्षं त्याला बटाटे खाऊ घातले. काका भारतात परतल्यावर काही वर्षांनी बाई वारल्या. मागे कोणी नाही.

म्हणून काका दर सर्वपित्री अमावास्येला फ्राऊ हूबरचं श्राद्ध करत.

थट्टा नाही. शास्त्रोक्त. मेलेल्या माणसाचं गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणावं अशी सोय आहे, ती वापरून काकांनी बाईंना परस्पर काश्यप गोत्रात घातलं होतं. आणि ज्याचं श्राद्ध त्याच्या आवडीचा पदार्थ पानात हवा, हा तर घरोघरचा नियम. बाईंना आवडे ती शरदातली बिअर. सबब पानात बिअर.

मी वडिलांच्या छापखान्यात डाव्यांच्या पत्रकांच्या घड्या घालत मोठा झालो. त्या वयात मी तीन गोष्टींच्या कडवा विरोधात होतो, श्राद्ध, दारू आणि अमेरिका. काकांनी तिन्ही एका पानात वाढल्या.

अमेरिका आली ती अशी. खाडीतलं युद्ध होऊन गेलं होतं. राजधानी मनामात अमेरिकन खलाशांची गर्दी होती आणि त्यांच्यासाठी हॉटेलवाले अमेरिकेतून माल मागवत. एरवीची जर्मन बिअर तिथे मिळे, पण शरदातली जी मिळे ती अमेरिकेत गाळलेली. बाटलीवर वळणदार जर्मन अक्षरं, निळे-पांढरे चौकोन, शिंग फुंकणारा एक जाडा माणूस. आणि खाली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याचं नाव.

"नाव लिहून शरद येतो होय रे?" काका कडाडत. "उद्या मी वाळूच्या गोणीवर 'देवगड हापूस' लिहितो! हा माल्ट आहे की काकवी?"

"मग कशाला ठेवता पानात? साम्राज्यशाहीचा माल!"

"पूजेत दागिने नसले तर आपण अक्षता वाहतो ना? तशी ही अक्षता." मग आवाज खाली येई. "पण बाईला किती वर्षं अक्षताच वाहायच्या? एकदा तरी खरी मिळायला हवी. माझी रिटायरमेंट आली. यंदा नाही तर मग नाहीच."

त्या वर्षी शोधासाठी ते मला मनामातल्या एका हॉटेलच्या 'जर्मन उत्सवा'ला घेऊन गेले. बाहेर असा दमट उकाडा की चष्म्यावर वाफ धरत होती. आत फिलिपिनो वाद्यवृंद चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या घालून अ‍ॅकॉर्डियन पिळत होता. मल्याळी वेटरच्या टोपीत पीस खोचलं होतं. अमेरिकन खलाशी बाकांवर उभे राहून जर्मन गाण्याला इंग्रजी शब्द लावत होते.

"एका देशाने दुसऱ्याचा सण तिसऱ्याच्या भूमीवर चौथ्याकडून वाजवून घ्यायचा," मी म्हणालो, "ह्याला काय म्हणायचं, काका?"

"पाचव्याने पेला धरायचा आणि गप्प बसायचं म्हणतात. धर."

मी पेला धरला. काकांनी खिशातून यार्डाचं शेड कार्ड काढलं. रंगांच्या पट्ट्यांचा तो जपानी पंखा त्यांनी पेल्याशेजारी उलगडला आणि थर्मामीटर बिअरमध्ये बुडवला. आजूबाजूचे खलाशी गाणं विसरले.

"ए पापा, बार रंगवायला घेतलाय का?" एकाने विचारलं.

वेटर धावत आला. "सर, प्लीज, ये कार्ड अंदर रखो. मॅनेजर को लगेगा हेल्थ इन्स्पेक्टर आया."

"आया ही है," काका म्हणाले. "अर्धा शेड जादा. नापास!"

तरीही दोन बाटल्या त्यांनी पिशवीत टाकल्या. अक्षता म्हणून.

शेवटची आशा होती क्लाउस. यार्डातला हा तरुण जर्मन इंजिनियर सुट्टीवर म्युनिकला निघाला तेव्हा काका त्याला सोडायला विमानतळावर गेले, आणि तिथे त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी खऱ्या बाटलीचं वचन घेतलं. अमावास्या त्या वर्षी शुक्रवारी आली, म्हणजे सुट्टीच्या दिवशी. सकाळीच क्लाउस जिना चढून आला. हातात बाटली. जर्मनीत गाळलेली, उत्सवातली, अस्सल.

काकांनी सोवळं नेसलेलं होतं. भोपळ्याची भाजी, वडे, खीर, आमसुलाची चटणी आणि बाईंसाठी व्हिनेगर घातलेली बटाट्याची कोशिंबीर असा स्वयंपाक तयार होता. त्यांनी बाटलीला आधी नमस्कार केला. मग उघडली आणि अर्धीअधिक ग्लासात ओतली.

ग्लासात गवताच्या काडीसारखं पिवळंफिकट काहीतरी उभं राहिलं.

"हे काय?" काका म्हणाले.

"बिअर," क्लाउस म्हणाला.

"रंग कुठाय?"

"कुठला रंग?"

"तांबूस! मधासारखा! पितळेच्या भांड्याला चिंच लावल्यावर येतो तसा!"

क्लाउसला मध कळला, चिंच नाही. पण तो समजून हसला. "अच्छा, ती! ती माझे आजोबा प्यायचे. आता आमच्या उत्सवात ही फिकी असते. ती जुनी जड पडायची, लोक दोन पेल्यांतच थांबायचे. ती आता..." त्याने आठवून बघितलं. "ती आता अमेरिकनच करतात."

काका सोवळ्यासकट खुर्चीत बसले.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे हमीदभाई केळीचं पान घेऊन आले. हमीदभाई रत्नागिरीकडचे, मनामाच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, त्यांचं दुकान. दारूला ते शिवत नसत, पण काकांच्या बाईंसाठी दरवर्षी केरळच्या विमानातून आलेलं पान तेच राखून ठेवत.

"काय झाला? कोण गेला?" सोवळ्यात खुर्चीत बसलेल्या काकांना बघून त्यांनी विचारलं.

"म्युनिक गेलं," काका म्हणाले.

मी सगळं सांगितलं. हमीदभाईंनी पान टेबलावर ठेवलं, बाटलीपासून हातभर लांब. "मग त्यात काय, काका? माझी आय इकडे बुसैतीनला बसून सांदणं करते ना, तशी आमच्या गावात आता कोण करीत नाय. तिकडे सगळे केक खातात. गेल्या साली भावाला इकडची पाठवली, तर म्हणतो, ही तर आजीच्या हातची."

"म्हणजे," काका सावकाश म्हणाले, "मी इतकी वर्षं पास होणाऱ्या पोराला नापास करत होतो?"

"पण ते अमेरिकन!" माझ्या तोंडून निघालंच.

"तू गप रे. तुझ्या पत्रकाचा कागद कुठला होता ते विचारलं का कधी?"

ते उठले. फ्रिजमधून अमेरिकन बाटली काढली, दुसऱ्या ग्लासात ओतली आणि शेड कार्ड लावलं. पुष्कळच जवळ आली होती, पण अर्धा शेड गडद. कपाळावर आठी चढली. मग आठी उतरली, आणि यार्डात तीस वर्षं रंग जुळवणाऱ्या माणसाने जे करायचं तेच त्यांनी केलं. पळी उचलली, फिक्या जर्मन बिअरमध्ये बुडवली आणि थेंब थेंब अमेरिकनमध्ये सोडायला सुरुवात केली.

"नाइन! नाही!" क्लाउस किंचाळला. "मिसळायची नसते! बिअर आहे ती, डिस्टेंपर नाही!"

"तू बस. तुझ्या आजोबांचं काम चाललंय."

क्लाउसला ते बघवेना. राहिलेली बाटली छातीशी धरून तो निघून गेला. हमीदभाईंची जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली होती. दारातून ते म्हणाले, "काका, बाईला माझा सलाम सांगा. पण हे काय कालवलंनीत ते मला विचारू नका म्हणावं."

ट्यूबलाइटखाली रंगाचा निकाल देत नाहीत, म्हणून आम्ही वरात काढून गच्चीवर गेलो. काकांच्या हातात ग्लास आणि फिक्या बिअरने भरलेली पळी, माझ्या हातात वाढलेलं पान. श्राद्धाचं पान आयुष्यात पहिल्यांदा धरलं होतं, तेही अमेरिकन मद्याच्या सोबतीने. गच्चीवर कावळा नव्हता. माहूजच्या त्या भागात तो मी कधी पाहिलाच नाही. कावळा शिवण्याचा प्रश्न तिथे भूगोलानेच निकालात काढला होता.

पाण्याच्या टाकीजवळ पान मांडलं. काकांनी तीळ-पाणी सोडलं. "काश्यपगोत्रा..." इथपर्यंत संस्कृत, पुढे "फ्राऊ हूबर" अगदी जर्मन उच्चारात. मग त्यांनी ग्लास कठड्यावर उन्हात ठेवला आणि पळीने आणखी तीनचार थेंब टाकले. थांबले. अजून एक थेंब. शेड कार्ड काढायला हात खिशाकडे गेला, पण सोवळ्याला खिसा कुठला? कार्ड खालीच राहिलं होतं.

"आणू का?" मी विचारलं.

"नको. हाच आहे."

"कार्डाशिवाय?"

ते ग्लासाकडेच बघत होते. उन्हाने तो आतून पेटल्यासारखा दिसत होता.

"तिच्या स्वयंपाकघराला पश्चिमेची खिडकी होती," ते म्हणाले. "ती खिडकीत बसायची. पुढ्यात पेला. संध्याकाळचं ऊन पेल्यातून तिच्या हातांवर पडायचं. तो रंग, हा." ग्लास किंचित फिरवून ते पुढे म्हणाले, "चेहरा गेला रे. फोटो काढायचं तेव्हा सुचलं नाही. दोन वर्षं जिने आईसारखं केलं तिचा चेहरा मला आठवत नाही. नाक आठवायला गेलो तर माझ्या मावशीचं येतं. रंग तेवढा पक्का राहिलाय. तो चुकला की बाई समोर येतच नाही."

माझ्याजवळ पितर, परलोक, पिंड या सगळ्यांवर तयार उत्तरं होती. ती तशीच ठेवून मी ग्लासाकडे पाहिलं.

"आता आली?" मी विचारलं.

"हात आले," काका म्हणाले.

दोन चिमण्या वड्यावर उतरल्या. बिअर केव्हाच कोमट झाली असणार, पण थर्मामीटरची आठवण त्यांना नव्हती. ऊन डोक्यावरून कलत होतं. टाकीची सावली कठड्यावरून पुढे सरकत ग्लासाला टेकली, की काका तो दोन बोटांनी उचलून वीतभर पलीकडे, उन्हात ठेवत, आणि पुन्हा बघत उभे राहत. कठडा संपत आला तेव्हा मी तळवा पुढे केला. त्यांनी ग्लास माझ्या हातावर ठेवला, आणि मी तो उन्हात धरून उभा राहिलो.