हिवरापेठच्या कासवाचं संरक्षण

हिरालालशेठनं एखादी गोष्ट मनावर घेतली की ती होतच असे, आणि बहुतेक वेळा अडचण तीच असायची! सरपंच झाल्याझाल्या त्यानं भर सभेत छाती ठोकून सांगितलं होतं, "देवळी तालुक्यात हिवरापेठचं नाव नाई गाजवलं, तर दुकानाच्या पाटीवरून माझं नाव खोडून टाकजा!" आता गावात किराणा दुकान एकच, तेही त्याचंच. पाटीला हात लावायची कुणाची टाप होती?

संधी आली ती दोन हजार सात सालच्या दिवाळीनंतर, कापूस वेचणीच्या दिवसांत. जिल्ह्याहून पत्र आलं: प्रत्येक ग्रामपंचायतीनं जैवविविधता समिती नेमावी, गावातल्या जीवजंतूंचं रक्षण करावं, उल्लेखनीय काम असेल तिथं साहेब जातीनं भेट देतील. सेवाग्रामहून मोटरसायकलवर ये-जा करणाऱ्या ग्रामसेवक देवेंद्रनं ते ग्रामसभेत खणखणीत आवाजात वाचलं. सभा डुलक्या घेऊ लागली. मग पंचायतीचा शिपाई नत्थू डोकं खाजवत म्हणाला, "मंजे जीव सांभाळाचे हाय ना? मंग आपल्या विहिरीत कासव नाई का?"

सभा एकदम जागी झाली. खरंच की! आपण तर कधीपासून जैवविविधता करून राह्यलो, आणि आपल्यालाच पत्ता नाही!

गावाच्या मधोमध सार्वजनिक विहीर होती. घरोघरी नळ आले, तरी पिण्याचं पाणी अजून तिचंच. त्या पाण्यात ते कासव राही. कुणी सोडलं, कधी सोडलं, यावर पारावर भांडणं होत. पण ते आहे तोवर पाणी नासत नाही, याबद्दल दुमत नव्हतं. म्हातारी धुरपताबाई घागर घेऊन आली की आधी भाकरीचा तुकडा आत टाकी, आणि ते संथपणे वर येई. हिरालालशेठ तर सकाळी विहिरीत डोकावून त्याचं तोंड पाहिल्याशिवाय दुकान उघडत नसे. कधी ते लवकर वर आलं नाही, तर गिऱ्हाईकं दुकानाच्या पायरीवर ताटकळत आणि शेठ विहिरीच्या काठावर ओणवा! वडिलांचं बोट धरून तो लहानपणी तिथं जायचा, तेव्हापासूनची ही सवय. लोक म्हणत, बोहनीसाठी करतो. पण खरं सांगायचं तर त्याचा त्या कासवावर जीव होता.

पंचायतीनं कासवाबद्दल लिहून पाठवलं आणि काय आश्चर्य, साहेब येणार असं उत्तर आलं! हिरालालशेठच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं कंबर कसली.

"साहेब येऊन राह्यले, अन् विहिरीची ही दशा?" तो नत्थूवर गरजला. त्या दिवसापर्यंत विहिरीला काही दशा असल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. पण सरपंचानं म्हटल्यावर सगळ्यांना ती दिसू लागली. काठाला निळा ऑइलपेंट लागला. त्यावर 'जीव वाचवा' असं टपोऱ्या अक्षरांत लिहिलं गेलं. मग माणसं दोर बांधून आत उतरली. दगडांच्या फटीतलं गवत उपटलं, पिंपळाची रोपं खेचली, शेवाळ खरवडून काढलं. गोगलगायी घमेल्यानं वर आल्या. शेवटी पाळी आली बेडकांची.

"शेठ, बेडकं काऊन काढाची? थेही जीवच हाय ना?" नत्थूनं विचारलं.

"कागदावर आपण काय लिवून धाडलं? कासव! बेडकाचं नाव हाय का त्याच्यात? साहेबाले वाटन, याईच्या विहिरीत घाण हाय!"

बेडकं बादल्या भरभरून नाल्यात गेली. ओरडत गेली, पण कागदावर नसलेल्यांचं कोण ऐकतो!

घरी शेठच्या बायकोनं, मंदाबाईनं, जेवण वाढता वाढता विचारलं, "अवो, सारंच खरवडलं तुमी. थे कासव आता खाईन काय?"

"दोन दिवस भाकर खाईन. साहेब येऊन गेले की उगवन सारं."

"माणसाच्या सोयीनं उगवते का शेवाळ?"

"तू भाजी वाढ."

भेटीच्या आदल्या दिवशी देवेंद्रला नवीच शंका आली. "सरपंचसाहेब, त्यांनी पाण्याचा नमुना घेतला तर? टीसीएल टाकलेली बरी." पाणी निर्जंतुक करायची ही पावडर पंचायतीत पोत्यानं पडलेली असे. ती आठवणीनं आणि मापानं विहिरीत टाकणं हे नत्थूचं काम. माप नत्थूची मूठ होती, आणि आठवण बरीचशी देवाच्या हवाली.

"नत्थू, आज नेहमीपेक्षा जास्त टाकजो. गावच्या इज्जतीचा सवाल हाय!"

"हाओ शेठ!"

नत्थूनं टाकली. इमानदारीनं, घमेलं भरून. संध्याकाळी घरी निघताना देवेंद्रच्या मनात आलं, हा गडी नक्की विसरला असणार. त्यानं स्वतः एक घमेलं ओतलं आणि निर्धास्त मनानं मोटरसायकलला किक मारली. सकाळी हिरालालशेठ कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून विहिरीवर आला. खरवडाखरवडीनं पाणी अजून गढूळ होतं! "असं कसं चालन? कासव कसं आरशात पाह्यल्यावानी दिसलं पाह्यजे!" असं म्हणत त्यानं पोत्यात उरलेली सगळी पावडर आपल्या हातानं विहिरीत रिकामी केली. पाणी कालवलेल्या चुन्यासारखं पांढरं झालं. वास पार बसथांब्यापर्यंत गेला.

तेवढ्यात मंडपाचा एक खांब कलला म्हणून कुणी हाक मारली. शेठ तिकडे धावला, हारांकडे धावला, खुर्च्यांकडे धावला. या धावपळीत त्यानं त्या सकाळी कासवाचं तोंड पाहिलंच नाही.

मंडपापुढं शिंपायला पाणी काढायला धुरपताबाईनं बादली सोडली. ओढताना ती जड लागली. बादली काठावर आली आणि म्हातारी किंचाळली, "अवो मायमाय! हे पाहा काय होऊन बसलं!"

बादलीत कासव बसलं होतं. इतकी वर्षं बादल्या वरखाली होत होत्या, पण त्यानं एकीलाही कधी स्पर्श केला नव्हता. आज ते आपण होऊन तिच्यात चढलं होतं. वर यायला दुसरी वाटच नव्हती.

हिरालालशेठ मंडपातून पळत आला. त्यानं कासवाला उचललं, नळाच्या ताज्या पाण्याच्या घमेल्यात ठेवलं, ओंजळीनं त्याचे डोळे धुतले. डोळे पांढरे पडले होते. "धुरपतामाय, पाणी आण! आणखी आण!" इस्त्रीचा सदरा भिजला, धोतर चिखलात लोळलं, पण त्याला भान नव्हतं. कासवानं मान जराशी लांब केली, तोंड उघडलं, मिटलं. मग ती मान त्याच्या तळहातावर टेकली आणि तिथंच राहिली. धुरपताबाईनं कासवाच्या नाकाशी बोट धरून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"म्या तं टाकलीच होती शेठ," नत्थू रडवेला होऊन म्हणाला, "तुमीच म्हनलं, जास्त टाक."

"म्हणजे तू टाकली होतीस?" देवेंद्रचा चेहरा उतरला. "अरे, मला वाटलं तू विसरलास! मीही टाकली की!"

दोघंही तिसऱ्याकडे बघू लागले. तिसऱ्यानं मान वर केली नाही. त्याच्या भिजल्या बाह्यांना पावडर अजून चिकटलेली होती.

इतक्यात फाट्यावर जीप वळली. बँडवाल्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, त्यांनी इमानेइतबारे वाजवायला सुरुवात केली! साहेब उतरले, हार घातले गेले. निळी विहीर पाहून ते खूश झाले. नाकाला रुमाल लावून वास घेतला आणि आणखी खूश झाले. मग काठाशी बसलेल्या, भिजलेल्या सरपंचासमोर येऊन वाकले.

"हेच का ते? वा! झोपलंय वाटतं. आणि सरपंच स्वतः सेवा करताहेत! घ्या रे, फोटो घ्या." फोटो निघाला. "बरं, सांगा सरपंच, याच्या रक्षणासाठी पंचायतीनं काय काय केलं?"

हिरालालशेठनं या प्रश्नासाठी चांगलं लांबलचक भाषण पाठ केलं होतं. आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. त्यातलं एक अक्षर त्याला आठवेना.

"साहेब," तो कसाबसा म्हणाला, "इतके साल आमी काईच नाई केलं. म्हणून थे जगलं." तळहातावरची मान त्यानं बोटानं सावरली. "यंदा केलं."

साहेबांचं अर्धं लक्ष बँडकडे होतं. त्यांनी कौतुकानं मान डोलावली आणि मागच्या कारकुनाला सांगितलं, "लिहून घ्या. उपाययोजना यंदापासून सुरू."

टाळ्यांचा कडकडाट झाला. हिरालालशेठचे दोन्ही हात कासवाखाली होते, तेवढी एक टाळी कमी पडली.