चौऱ्याऐंशी मजल्यांचं मौन

तोंडाला दाढीचा फेस आणि हातात वस्तरा असताना माणसानं शपथ घेऊ नये. मिस्त्रींनी घेतली. न्हाणीघराच्या दारात कमरेवर हात ठेवून काकू उभ्या होत्या, त्यामुळे दुसरा मार्गही नव्हता.

"म्हणा," काकू म्हणाल्या, "आज लिफ्टबद्दल एक अक्षर काढणार नाही."

"आज लिफ्टबद्दल एक अक्षर काढणार नाही."

"भिंतीला कान लावणार नाही. लिफ्टवाल्याशी गप्पा मारणार नाही."

"नाही मारणार. आणि चुकून मारल्या तर?"

"तर मी तिथूनच परस्पर ताईकडे जाईन. महिनाभर. चहा-साखरेचे डबे तुमचे तुम्ही शोधा."

मिस्त्रींनी गालावरून वस्तरा फिरवला आणि थोडं कापलं. पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्तीत घालवून ते चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. पोस्टमनपासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, आणि त्यांच्या बायकोला काकू. काकूंची तक्रार साधी होती. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याबरोबर एकही सहल त्यांना शेवटपर्यंत करता आली नव्हती. वस्तुसंग्रहालयात नेलं, तर मिस्त्रींनी तिथली फक्त मालाची लिफ्ट पाहिली. भाचीच्या लग्नात ते जेवणावरून उठले ते हॉलच्या लिफ्टखाली सापडले. लेक झाली त्या दिवशी ते इस्पितळातच होते, नाही असं नाही. पण मशीन रूममध्ये. दीड तासानं ग्रीसचे हात घेऊन आले, तेव्हा नर्सनं त्यांना पोरीला हात लावू दिला नव्हता. काकूंनी हे सगळं पोटात घातलं होतं, पण विसरल्या काहीच नव्हत्या.

आता लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून लेकीनं शहरातल्या सगळ्यात उंच इमारतीची तिकिटं काढली होती. चौऱ्याऐंशीवा मजला, चारी बाजूंनी काच, वेळ साडेपाच ते पावणेसात, म्हणजे सूर्यास्तासकट. लेकीला कामावरून सुटी नव्हती, म्हणून जावई बरोबर येणार होते. ते शाळेत भूगोल शिकवत आणि घरीही शिकवत. काकूंना वरून आपलं घर बघायचं होतं. घर ओळखू यावं म्हणून त्यांनी सकाळीच गच्चीच्या कठड्यावर लाल चादर टाकली होती, चारी बाजूंनी चिमटे लावून. शेजारच्यांनी विचारलं तेव्हा, "आम्ही आज आमचं घर बघायला चाललोय," असं त्यांनी सांगितलं होतं.

सहलीची सुरुवात झकास झाली. लिफ्टचे दरवाजे आवाज न करता उघडले, मिस्त्रींनी ते कौतुकानं पाहिले आणि तोंडात मिठाची गुळणी धरली. आत गणवेशातली एक हसरी मुलगी होती. "बावन्न सेकंदांत आपण वर पोचू," ती म्हणाली. लिफ्ट निघाली. दहा मजले गेले, वीस गेले. काकूंनी नवऱ्याकडे बघून मान डोलावली.

तिसाव्या मजल्याच्या पुढे मिस्त्रींना आवाज आला. टक्. आणि लगेच पुन्हा, टक्.

लिफ्टचा डबा रुळांवर धरून ठेवायला वर-खाली रबरी चाकं असतात. त्यातलं एखादं चाक एका बाजूनं चपटं झालं की असा आवाज येतो. त्यात धोका काही नसतो, डबा पडत-बिडत नाही. पण आज बदललं नाही तर महिन्याभरात ते शेजारच्या चाकालाही बिघडवतं. हे सांगायला मिस्त्रींना चार वाक्यं पुरली असती. ती चारही वाक्यं त्यांच्या घशाशी आली. त्यांनी कडेचा दांडा घट्ट धरला आणि छताकडे डोळे लावले. कपाळाला घाम फुटला.

मुलीनं हे पाहिलं. घाम, दांडा आणि छताकडे लागलेले डोळे, ही तीन लक्षणं तिला प्रशिक्षणात शिकवली होती.

"काका, उंचीची भीती वाटतेय का?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. ताईकडचा महिना मिस्त्रींच्या डोळ्यांपुढून गेला.

"हो," ते म्हणाले. "फार वाटते."

जावई थक्क झाले. "बाबा, तुम्ही तर पस्तीस वर्षं दोरांना लटकून काम केलंत!"

"तेव्हाच बसली. साठून राहिली होती."

वर पोचल्या पोचल्या मुलीनं त्यांच्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला. त्याचा अर्थ या पाहुण्याला सांभाळा, असा होता, आणि तिथले लोक फार कर्तव्यदक्ष होते. एकानं खुर्ची आणली आणि काचेकडे पाठ करून ठेवली. दुसऱ्यानं पाणी आणलं. तिसरा एक जण समोर उकिडवा बसून म्हणाला, "दीर्घ श्वास घ्या, काका. आपण सपाट मैदानात बसलोय अशी कल्पना करा." मिस्त्री मैदानात बसले. आजूबाजूला माणसं जमली. एका लहान मुलानं त्यांना बिस्कीट दिलं.

"इथून क्षितिज साधारण पासष्ट किलोमीटरवर आहे," जावई धीर द्यायला म्हणाले.

"त्यांना आकडे नका सांगू!" मैदानवाला ओरडला.

हे सगळं मिस्त्रींनी सोसलं असतं. पण काकू काचेकडे गेल्याच नाहीत. त्या खुर्चीशेजारी बसल्या आणि त्यांनी नवऱ्याचा हात हातात घेतला.

"चाळीस वर्षं एवढी भीती मनात ठेवलीत? आणि मला बोलला नाहीत?" त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "रोज डबा भरून देत होते मी. हसत हसत लटकायला पाठवत होते."

"अगं, तू जा. चादर बघ. सूर्य खाली चाललाय."

"जळो मेली चादर. तुम्हाला असं टाकून जाऊ?"

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्या सहलीसाठी मौन धरलं, तीच सहलीला पाठ फिरवून बसली होती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं मनाशी म्हणून त्यांनी बरं व्हायचं ठरवलं. ते ताडकन उठले. "गेली. भीती गेली," असं जाहीर करून ते काचेकडे चालू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकू लगबगीनं मागे आल्या. काचेला नाक लागायला चार पावलं उरली होती, एवढ्यात मागे लिफ्ट आली. टक्, टक्, टक्. मिस्त्रींची मान आपोआप वळली, खांदे वर गेले, डोळे मिटले.

"भीती परत आली!" लिफ्टमधली मुलगी म्हणाली.

दुसऱ्यांदा भीती आली तर पाहुण्याला ताबडतोब खाली न्यायचं, डोळ्यांवर पट्टी बांधून, असा तिथला नियम होता. मिस्त्रींनी फक्त हातापाया पडायचं बाकी ठेवलं. पण घाबरलेल्या माणसाचं ऐकायचं नाही, हाही नियमच होता. सूर्यास्ताला वीस मिनिटं उरली होती.

"जाऊ दे हो," काकू म्हणाल्या. "आपण टीव्हीवर बघू."

इतक्या सरळपणे त्या हे म्हणाल्या की मिस्त्रींना त्यापेक्षा ताईकडे गेलेल्या परवडल्या असत्या.

लिफ्ट खाली निघाली. पट्टीच्या आतल्या अंधारात आवाज चांगलाच मोठा ऐकू येत होता. मिस्त्रींनी दात आवळले. काकूंचा हात त्यांच्या हातात होता, आणि प्रत्येक टक्‌ला तो हात थोडा आवळला जातोय, हे त्यांच्या लक्षात यायला पंचाहत्तरावा मजला उजाडला. आपल्याला धीर देतेय, असं त्यांना वाटलं. साठाव्या मजल्याला मात्र काकूंनी हात सोडवून घेतला.

"ए पोरी, थांबव गं हे."

"काकू, तुम्हाला पण भीती?"

"कसली आलीये भीती! चाक बसलंय तुमचं. वरचं, डाव्या हाताचं. एका बाजूनं चपटं झालंय. ऐकू येत नाही? हे बघ, आता… टक्! नुसतं बघत राहिलात तर जोडीचंही घालवाल."

"गप्प बस ना गं!" पट्टीआडून मिस्त्री कळवळून म्हणाले. लग्नानंतर हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

"तुम्ही बोलू नका. श्वास घ्या."

लिफ्टबद्दल पाहुण्यानं तक्रार केली की इंजिनिअरला बोलवायचं, असाही नियम होता. तळमजल्यावर इंजिनिअर आला. तरुण होता, हसतमुख होता, आणि काकूंचं बोलणं संपेपर्यंत त्यानं हसू दाबून ठेवलं. मग समजूत काढावी म्हणून तो काकूंना घेऊन लिफ्टमध्ये शिरला. पाच मिनिटांनी खाली आला तेव्हा हसत नव्हता. त्यानं दोन माणसं आणि एक हत्यारांची पेटी बोलावली, ती लिफ्ट पाहुण्यांना बंद केली, आणि म्हणाला, "मावशी, आवाज नक्की कुठल्या मजल्यावर वाढतो, ते जरा वर येऊन दाखवता का?"

"दाखवते की," काकू म्हणाल्या. पर्स त्यांनी मिस्त्रींच्या मांडीवर ठेवली आणि त्या गेल्या.

मिस्त्री बाकावर बसले. पट्टी कपाळावर, पर्स मांडीवर. अर्धा तास झाला. जावयांनी दोन कप चहा आणला.

"बाबा, आईंना हे सगळं कसं कळतं?"

"मला काय विचारता!" मिस्त्री म्हणाले. पण ते विचारात पडले होते. पस्तीस वर्षं रोज जेवताना त्यांनी चाकं, दोर आणि रूळ यांच्याबद्दल बडबड केली होती. बायको पोळी वाढत 'हं, हं' म्हणायची. भिंतीशी बोलतोय असं त्यांना वाटायचं. भिंत सगळं ऐकत होती तर!

पाऊण तासानं काकू आल्या. गालावर ग्रीसचा पट्टा, केस विस्कटलेले, आणि चेहरा असा फुललेला की मिस्त्रींनी लेक झाली तेव्हासुद्धा तो तसा पाहिला नव्हता. पाहिला नव्हता याचं कारण त्यांना लगेच आठवलं आणि त्यांनी मान खाली घातली.

"अहो, चाक सापडलं! वरचं, डाव्या हाताचं! साहेबांनी मला अगदी वर नेलं, मशीन रूमच्याही वर, जिथं पाहुण्यांना नेतच नाहीत. तिथून सूर्य बुडताना पाहिला मी. आणि आपली चादर! एवढीशी, नखाएवढी लाल. वाऱ्यानं एक चिमटा सुटलाय तिचा."

"चिमटा तिथून दिसणार नाही," जावई म्हणाले. "बारा किलोमीटर…"

"दिसला," काकू म्हणाल्या.

इंजिनिअर काकूंच्या मागे हात बांधून उभा होता. "आमच्या सहा माणसांना महिनाभर ऐकू आलं नाही हो. मावशींचे कान म्हणजे कमाल आहे. पुढच्या महिन्यात तपासणी आहे, तेव्हा याल का, असं विचारलंय मी त्यांना."

"बघू, वेळ झाला तर," काकू म्हणाल्या. आयुष्यात त्यांना असं म्हणायची संधी कोणी दिली नव्हती. मग काहीतरी आठवून त्या नवऱ्याकडे वळल्या. "पण काय हो, मला आलं ते तुम्हाला कसं नाही ऐकू आलं? सगळा जन्म यात गेला तुमचा."

इंजिनिअर बघत होता, जावई बघत होते. मिस्त्रींनी एकच वाक्य बोलायचं होतं: मला तिसाव्या मजल्यालाच आलं होतं. पस्तीस वर्षांची अब्रू परत मिळाली असती, उंचीची भीती धुऊन निघाली असती. त्यांनी काकूंच्या गालावरचं ग्रीस पाहिलं.

"नाही बुवा," मिस्त्री म्हणाले. "मला काही ऐकू आलं नाही."

काकूंचा चेहरा एकदम काळजीनं भरला.

चार दिवसांनी मिस्त्री कानांच्या डॉक्टरकडे एका बंद खोलीत बसले होते. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की बटण दाबायचं, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. काचेपलीकडे काकू पर्स धरून बसल्या होत्या. पहिला आवाज आला, स्वच्छ आला. मिस्त्रींनी अंगठा हलू दिला नाही. दुसरा आला, तिसरा आला. संशय नको म्हणून चौथ्याला त्यांनी बटण दाबलं आणि पुन्हा पाच आवाज सोडून दिले. डॉक्टर काकूंना म्हणाले, "वेळेवर आणलंत."

आता मिस्त्रींच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. इमारतीतली लिफ्ट अडली की लोक दारावर येतात आणि विचारतात, "काकू आहेत का?" मिस्त्री आत हाक मारतात. काकू पदर खोचून निघतात, आणि कधी कधी जेवण ताटात तसंच राहतं.

यंत्रं मात्र फार उत्तम निघाली. काल दुपारी जेवताना मिस्त्रींना समोरच्या इमारतीतल्या लिफ्टचं दार घासल्याचा आवाज आला, आणि तिच्या पलीकडच्या इमारतीत कोणाचा तरी दोर कुरकुरला. त्यांचा घास हातातच थांबला.

"काय झालं हो?" काकूंनी विचारलं. "काही ऐकू आलं का?"

"कुठं काय," मिस्त्री म्हणाले, आणि त्यांनी भाजी वाढून घेतली.